न शिजवलेले ताट

मराठवाड्यातील माणसाला कच्चे खाण्याची दीक्षा कोणी द्यावी लागत नाही. मार्गशीर्ष सरता सरता हरभरा घाटे धरू लागला, की बांधावरून जाणारा प्रत्येक जण दोन-चार ढाळे उपटून सोलीत सोलीतच पुढे जातो. गाजर, मुळा, कांद्याची पात, बोरे आणि उसाची कांडी यांना चुलीचा स्पर्श व्हावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. आणि लातूर जिल्ह्यात तर पाथरीसारखी रानभाजी, जिला बाजारात फारसा भाव नाही, ती निवडून, धुऊन, तशीच हिरवी भाकरीबरोबर खाल्ली जाते. मेथीचा घोळाणा ज्याने खाल्ला आहे त्याला या प्रकाराचे वर्णन नको. ज्याने खाल्ला नाही त्याच्यासाठी एवढेच, की कोवळी मेथी बारीक चिरावी, तीत कांदा, शेंगदाण्याचा जाडसर कूट आणि तिखट-मीठ घालावे, वरून करडईच्या तेलाची धार सोडून हाताने हलकेच कालवावे, आणि पाणी सुटण्यापूर्वी ताटात वाढावे. कडवटपणा, तेलाचा उग्रपणा आणि कांद्याचा झणका यांचा जो मेळ तेथे बसतो तो शिजवलेल्या मेथीला साधत नाही.

परंतु याच ताटाकडे नीट पाहिले, तर त्यात घोळाण्याच्या शेजारी ज्वारीची भाकरी असते आणि तुरीचे वरण असते. येळवसेच्या दिवशी, जेव्हा लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत सारे गावच्या गाव शेतात जेवायला जाते आणि गावांचे रस्ते ओस पडतात, तेव्हाही मुख्य मान असतो तो अनेक शेंगाभाज्या एकत्र शिजवून केलेल्या भज्जीला, बाजरीच्या उंड्यांना आणि मडक्यातल्या आंबट आंबिलीला. शेतातले कच्चे वाण ही सगळी तोंडीलावणी. हुरडासुद्धा, ज्याला शहरी मंडळी रानमेव्यात गणतात, तो आगटीत भाजूनच हातावर चोळला जातो. आमच्या पूर्वजांनी कच्च्याचा अव्हेर केला नाही आणि चूलही विझवली नाही. ही तजवीज त्यांनी कोणत्या शास्त्राच्या आधारे केली हे सांगता येत नाही, पण ती टिकली, हे मात्र खरे.

आज प्रश्न निराळा झाला आहे. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या औसा रस्त्यावर राहणारा पन्नाशीतला गृहस्थ, ज्याच्या कपाटात मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या कागदांची एक जाड फाइल जमली आहे, एखाद्या शिबिरातून किंवा भ्रमणध्वनीवर आलेल्या चित्रफितीतून असे ऐकून येतो, की अन्न शिजविणे हीच सर्व व्याधींची जननी असून मोड आलेली धान्ये, पानांचा रस आणि फळे यांवर राहिल्यास गोळ्यांची गरजच उरणार नाही. आणि दुसऱ्या सोमवारपासून तो घरातल्या माउलीला आपल्यापुरता स्वयंपाक बंद करण्याचा हुकूम देतो. त्याचा हेतू निर्मळ असतो. त्याच्या उत्साहाची थट्टा करण्याचे मला कारण नाही. हे प्रकरण त्याच्यासाठी आहे.

या मार्गाने आपल्याआधी एक मोठा माणूस गेला होता, आणि त्याने आपला जमाखर्च न लपविता लिहून ठेवला, हे आपले भाग्य. १९२९ च्या मे महिन्यात आंध्रच्या दौऱ्यावर असताना गांधीजींची राजमहेंद्रीच्या सुंदरम गोपाळराव यांच्याशी गाठ पडली. हे गृहस्थ न शिजवलेल्या अन्नावर राहण्याचा पुरस्कार करीत. गांधीजींनी प्रयोग तत्काळ सुरू केला, आणि ‘यंग इंडिया’च्या वाचकांना त्याचे मापही कळविले: मोड आणलेला गहू आठ तोळे, वाटलेले बदाम आठ तोळे, ठेचलेला हिरवा पाला आठ तोळे, सहा लिंबे आणि दोन औंस मध, गव्हाच्या ऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा मोडाचा हरभरा. म्हणजे गहू, बदाम आणि पाला प्रत्येकी सुमारे ९३ ग्रॅम. त्यांचे वय तेव्हा साठीला टेकलेले होते. १९१८ साली आमांशाने त्यांना मृत्यूच्या दारापर्यंत नेऊन आणले होते आणि त्यानंतर १९१९ पासून शेळीच्या दुधावर त्यांची प्रकृती सावरली होती. तेच दूध या प्रयोगात सुटले. पुढे वजन उतरले, अशक्तपणा आला, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा आमांशाने गाठल्यावर त्यांनी प्रयोग थांबविला व तसे जाहीरही केले. तत्त्वावरील त्यांची श्रद्धा उडाली नव्हती; परंतु आपल्या शरीराचा कौल त्यांनी आपल्या श्रद्धेपेक्षा वरचा मानला. ज्या प्रचारकांच्या बोलण्यात केवळ बरे झालेल्यांच्याच कथा असतात, त्यांनी या जमाखर्चाचे एक पान तरी वाचावे असे मला नेहमी वाटत आले आहे.

यापुढची हकीकत महाराष्ट्रातली आहे. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते, तेथे गांधीजी पुढे राहून गेले, आणि त्याच जागेत, बापू भवनात, आज केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. १९४६ च्या मार्चमध्ये ते उरुळी कांचनला गेले, आणि तेथे जे निसर्गोपचार आश्रमाचे काम उभे राहिले ते मणिभाई देसाई आणि विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनी चालविले. निसर्गोपचाराच्या अशा केंद्रांत रोगी दाखल होतो, त्याची प्रकृती पाहिली जाते, आहार पायरीपायरीने बदलतो आणि रोज कोणीतरी त्याची विचारपूस करणारे असते. घरी बसून, वर्तमानपत्राच्या कात्रणावरून, एकट्याने केलेला प्रयोग आणि हा प्रकार यांना एकच नाव देणे हा निसर्गोपचारावरही अन्याय आहे.

आयुर्वेदाचा दाखला द्यायचा तर तो कच्च्याच्या पुरस्कर्त्यांना फारसा सोयीचा नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात नित्य सेवन करू नयेत अशा पदार्थांची जी यादी दिली आहे, तीत उडीद, सुकवलेल्या भाज्या यांच्याबरोबर ‘विरूढक’, म्हणजे मोड आणलेले धान्य, स्पष्ट नमूद आहे. कधीतरी खाऊ नये असे तो म्हणत नाही. रोजचा परिपाठ करू नये म्हणतो. उलट युरोपात झुरिकच्या डॉ. बिर्खर-बेन्नर यांनी १९०४ साली काढलेल्या आरोग्यधामात कच्च्या फळाभाज्यांना औषधाचे स्थान दिले. किसलेले सफरचंद, भिजवलेले ओट, लिंबू आणि बदाम-अक्रोड यांचे त्यांचे मिश्रण आज नांदेडच्या दुकानांतूनही ‘म्यूस्ली’ या नावाने डब्यांत मिळते, फरक इतकाच, की डब्यातल्यात सफरचंदापेक्षा साखर अधिक असते. जर्मनीत गीसन येथे दीर्घकाळ कच्च्या आहारावर राहणाऱ्या ५१३ स्त्रीपुरुषांची पाहणी झाली. तिच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वजन पुष्कळ उतरल्याचे दिसले, आणि पंचेचाळिशीच्या आतील सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाल्याचे अथवा थांबल्याचे आढळले. त्याच मंडळींपैकी काहींची नंतर रक्ततपासणी झाली, तेव्हा अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होते ही जमेची बाजू, आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तूट एक तृतीयांशाहून अधिक लोकांत होती ही खर्चाची.

आच अन्नाचे काय करते, याविषयी दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. क जीवनसत्त्व उष्णतेने नासते, हे खरे. म्हणून आवळा, पेरू, लिंबू आणि कोथिंबीर कच्ची खावी यात वादच नाही. परंतु गाजरातले पिवळे द्रव्य आणि टोमॅटोतले तांबडे द्रव्य शिजवल्यावर, तेही थोड्या तेलाबरोबर, शरीरास अधिक सुलभतेने मिळते. कच्च्या अन्नातील ‘जिवंत’ पाचकद्रव्ये आपल्या पोटात जाऊन आपले अन्न पचवितात, हे विधान ऐकायला गोड आहे. पण ही द्रव्ये म्हणजे प्रथिने असून जठरातील आम्लात त्यांची बहुतांशी तीच गत होते जी इतर प्रथिनांची होते. आणि डाळी-कडधान्यांचे तर शिजविणे हेच संरक्षण आहे: राजम्यासारख्या घेवड्यात जे विषारी प्रथिन असते ते भिजवून किंवा मोड आणून जात नाही, खळखळून उकळल्यावरच जाते.

आता ज्या गोष्टीसाठी हे प्रकरण मराठवाड्याच्या वाचकासमोर ठेवणे मला विशेष अगत्याचे वाटते, तिच्याकडे वळतो. गव्हाला मोड आणावेत, मुगाला आणावेत, मटकीला आणावेत, असे पुस्तकांतून वाचल्यावर आमच्याकडच्या माणसाच्या मनात साहजिक येते, की आपले धान्य तर ज्वारी. मग शाळूलाच ओल्या फडक्यात बांधून मोड आणले तर? दिसायला ते मोडही तसेच पांढरे, रसरशीत दिसतात. ते कच्चे कदापि खाऊ नयेत. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यावर जनावर पडले तर त्याला किरळ लागते, ते फुगते, धापा टाकते आणि पुष्कळदा तासाभरात दगावते, हे आमच्या कोणत्याही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. पाऊस ओढ देऊन ज्वारी खुरटली, अथवा कापणीनंतर बुडख्यांना नवे फुटवे आले, की राखणदार गुरे त्या बाजूला फिरकू देत नाही. त्याचे कारण धुरिन नावाचे द्रव्य. पाने चावली गेली, की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते, जे पेशींचा श्वासच अडविते. पक्व दाण्यात हे द्रव्य नगण्य असते, म्हणून भाकरी निर्धोक. हुरडा दाण्याचा असल्यामुळे तोही निर्धोक. परंतु दाणा अंकुरला, की त्या इवल्या कोंबात आणि मुळात धुरिन झपाट्याने साठते. शंभर ग्रॅम बियांच्या मोडांतून निघणारे विष प्रौढ माणसाच्या प्राणावर बेतू शकेल इतके भरते, असे प्रयोगशाळेतील मोजमापांत आढळलेले आहे. ज्वारीचे माल्ट करण्याची जी जुनी रीत आहे तीत मोड आल्यावर धान्य उन्हात खडखडीत वाळवितात, कोंब चोळून पाखडून टाकतात, मग दळतात आणि पीठ शिजवूनच घेतात. या क्रमातील एकही पायरी गाळू नये. गुराला जे आपण खाऊ देत नाही, ते आरोग्याच्या नावाखाली स्वतःच्या नातवाच्या वाटीत घालण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पाण्याची गोष्ट याला लागूनच येते. कच्चे खाणे म्हणजे धुणे, आणि धुणे म्हणजे पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी आणावे लागले. ती आगगाडी आलेली जिने पाहिली, त्या शहरातील गृहिणीला ‘भाजी तीन वेळा वाहत्या पाण्याखाली धुवा’ असे सांगणे किती सोपे आणि करणे किती दुष्कर, हे निराळे सांगायला नको. तरीही नियम बदलत नाही. सांडपाण्यावर वाढलेल्या किंवा मैल्याचा संसर्ग झालेल्या पालेभाजीतून पट्टकृमीची अंडी पोटात गेली, तर त्यांतून निघणाऱ्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात, आणि आपल्या देशात प्रौढपणी नव्याने येणाऱ्या फेफऱ्याच्या झटक्यांचे ते एक मोठे कारण आहे. अंडी मिठाच्या पाण्याने मरत नाहीत, शिजविल्याने मरतात. म्हणून ज्या दिवसांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, त्या दिवसांत पालेभाजी शिजवून खावी आणि कच्च्याची हौस सोलून खाता येणाऱ्या वस्तूंवर भागवावी: काकडी, गाजर, केळे, संत्रे, मोसंबी; पेरू मात्र नव्हे. मोडांचेही तसेच आहे. ओलावा, ऊब आणि अंधार या तिन्ही गोष्टी मोडांना जशा मानवतात तशाच जंतूंनाही. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या संसर्गाने सुमारे ३,८०० माणसे आजारी पडली आणि पन्नासाहून अधिक दगावली. त्या देशात पाण्याची टंचाई नव्हती. आमच्या घरांत मटकीची उसळ करतात, हे फार शहाणपणाचे आहे.

दुधीच्या रसाचा उल्लेख येथे टाळता येत नाही, कारण पहाटे बागेत फिरून आल्यावर पेलाभर दुधीरस घेणारी मंडळी नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत दिसतात. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारले यांचा एकत्र रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला, आणि भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने या प्रश्नावर तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी क्वचित कडू निघतो. तो कडूपणा विषारी असतो. उलट्या, रक्ताचे जुलाब आणि रक्तदाब एकाएकी कोसळणे इथपर्यंत मजल जाते. कारल्यात मिसळला, की तो कडूपणा ओळखूच येत नाही. म्हणून फोड चाखल्याशिवाय रस काढू नये, आणि कडू लागली तर तो दुधी शिजवूही नये, फेकून द्यावा.

आता रोगांविषयी. थायरॉइड, संधिवात, आम्लपित्त यांवर मी थोडक्यात एवढेच म्हणेन, की थोड्या कच्च्याने त्यांचे सहसा बिघडत नाही. परंतु मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि रक्त पातळ करणारी औषधे यांच्या बाबतीत मात्र गोळी आणि ताट यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

मधुमेहाच्या माणसाने भाकरी-भात सोडून काकडी-गाजरावर दिवस काढला, तर साखर उतरते. आणि नेमकी तीच भीती आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच मात्रेत चालू असेल, तर साखर उतरता उतरता इतकी उतरते, की दरदरून घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते, आणि वेळीच साखर-पाणी मिळाले नाही तर शुद्ध हरपते. अशा वेळी घरची माणसे ‘शरीरातील विषे बाहेर पडत आहेत’ असे समजून बघत बसली, तर अनर्थ ओढवतो. मात्रा कमी करावी लागेल, कदाचित गोळी सुटेलही. पण ते डॉक्टरांनी, रक्त पाहून, ठरवावयाचे. दुसरी बाब कमी ठाऊक असते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ आधीच घटते, आणि दूध-दही सोडून केवळ वनस्पतींवर राहिल्यास ते मिळण्याचा उरलासुरला मार्गही बंद होतो. मग पायांना मुंग्या येतात आणि दोष साखरेला दिला जातो.

मूत्रपिंड अशक्त झालेल्यांसाठी तर हा मार्ग बहुधा बंदच समजावा. पालेभाज्यांचे रस, शहाळे आणि अर्धापूरची प्रसिद्ध केळीसुद्धा पोटॅशियमने भरलेली असतात. निरोगी माणसाचे मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते. अशक्त टाकू शकत नाही, आणि रक्तात ते वाढले तर हृदयाचा ठोका चुकतो. रक्तदाबाच्या काही नित्याच्या गोळ्याही पोटॅशियम वाढवितात, ही त्यावर भर. या रोग्यांना भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायला सांगतात, म्हणजे कच्च्या आहाराच्या अगदी उलट. पालकाच्या कच्च्या रसातील ऑक्झॅलेटने मुतखड्याच्या प्रवृत्तीला खतपाणी मिळते. आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने हिरवा पाला एकाएकी वाढवू नये, तसाच एकाएकी कमीही करू नये.

रक्ताल्पतेबद्दल दोन शब्द. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्ताल्पतेच्या आढळल्या. त्यांच्या ताटातील भाकरी-वरण काढून तेथे सॅलड ठेवणे हा इलाज होऊ शकत नाही. मात्र त्याच भाकरी-वरणाशेजारी लिंबाची फोड, आवळ्याचा कीस किंवा कच्च्या कोथिंबिरीची चटणी ठेवली, तर धान्यातील लोह अंगी लागण्यास मोठे साहाय्य होते. गरोदर स्त्रिया, कर्करोगाच्या औषधोपचारात असलेले रोगी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशांनी मोड आणि कच्ची पालेभाजी यांपासून परहेज ठेवावे.

एवढे ऐकूनही ज्याला आरंभ करायचा आहे, त्याला मी निरुत्साह करणार नाही. कारण आमच्या सध्याच्या ताटातले कच्चे खरोखरच घटले आहे, आणि घोळाण्याची जागा फरसाणाने घेतली आहे. त्याने चूल विझवू नये. प्रथम रक्तातील तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांची तपासणी करून घ्यावी. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे, अशी दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. नंतर दुपारच्या जेवणाआधी एक वाटी कच्चे घ्यावे, बाकी जेवण तसेच ठेवून, फक्त भाकरी भुकेच्या मानाने आपोआप कमी होईल तेवढी होऊ द्यावी. पंधरवडाभर पोट फुगणे, जुलाब अथवा चक्कर यांची तक्रार नसेल, तर सायंकाळीही तसेच करावे. मूग-मटकीचे मोड वाफवून घ्यावेत. ताक आणि दही सोडू नये. दात पडलेल्यांनी किसून खावे. मधुमेह्याने या काळात साखर घरी अधिक वेळा तपासावी आणि आकडे तारखेनिशी वहीत उतरवून ठेवावेत.

ती वही आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी, दोन्ही घेऊन महिन्याने डॉक्टरांकडे जावे, आणि आपण काय खात आहोत हे त्यांना न लाजता, न लपविता सांगावे. गोळी कमी करण्याचा अधिकार तोवर स्वतःकडे घेऊ नये.